वय झालं म्हणून चक्कर येत नाही

परवा आमच्या गटाच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्तीनं विचारलं, "ताई, म्हाताऱ्या बायकांना चक्कर येते हा स्त्रीप्रश्न कसा काय?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून तिच्यावर चिडले नाही. पण घरी येईपर्यंत स्वतःवर चिडत राहिले. कारण वीस वर्षांपूर्वी माझ्याच घरात सासूबाईंना चक्कर येत होती आणि मला ती प्रश्न विचारण्याइतकीही महत्त्वाची वाटली नव्हती.

आम्ही चाळीत दोन खोल्यांत राहायचो. सासूबाई तेव्हा सत्तरीच्या. कपडे वाळत घालायची दांडी छताजवळ. काठीनं कपडा वर सरकवायला त्यांनी मान मागे टाकली की घर गरगरा फिरायला लागायचं. त्या दाराची चौकट धरून उभ्या राहायच्या. मिनिटभरात थांबायचं. मग उरलेले कपडे घालायच्या. रात्री कुशीवर वळल्या की म्हणायच्या, पलंग उलटा होतोय. सासरे म्हणायचे पित्त झालंय. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. आणि मी? "मी मोर्चाला निघाले की यांना बरोबर चक्कर येते," असं मैत्रिणीला सांगून मी हसले होते. हे लिहिताना आज हात जड होतो, पण लिहिलंच पाहिजे.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, "आजी, वय झालं आता," म्हणाले आणि चक्करची गोळी लिहून दिली. ती गोळी सासूबाईंनी पाच वर्षं घेतली. मग हात कापायला लागले, पाऊल छोटं पडायला लागलं. कंपवात म्हणून दुसरी गोळी सुरू झाली. पुढं एका बाईडॉक्टरनं जुने कागद चाळले आणि पहिली गोळी बंद केली, तेव्हा कंप हळूहळू कमी झाला. चक्करवर सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारख्या औषधांनी म्हाताऱ्या माणसांत असा कंप येऊ शकतो, हे वैद्यकाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण तोपर्यंत उशीर झाला होता. सासूबाई मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्या पुन्हा धड चालल्या नाहीत. चौदा महिने त्यांचं सगळं मी केलं. त्या चौदा महिन्यांत मी एकाही बैठकीला गेले नाही. तेव्हा स्त्रीप्रश्न कसा, हे विचारणाऱ्या मैत्रिणीला माझं पहिलं उत्तर हेच आहे: एक बाई पडते तेव्हा तिच्यामागं दुसरी बाई घरात अडकते.

आता मला माहीत आहे की मान वर केली किंवा कुशीवर वळलं की काही सेकंद घर फिरणं हे बहुतेक वेळा कानाचं दुखणं असतं. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक खडे असतात, तोल कळण्यासाठी. ते जागचे सुटून कानातल्या अर्धगोल नळीत शिरले की डोकं हललं रे हललं की मेंदूला खोटा निरोप जातो, सगळं फिरतंय म्हणून. पन्नाशीनंतर हे वाढतं आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतं. ओळखायची पद्धत साधी आहे: मान एका बाजूला वळवून बाईला झटकन आडवं करायचं आणि तिचे डोळे कसे हलतात ते बघायचं. ही तपासणी १९५२ सालापासून माहीत आहे. उपाय म्हणजे डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते खडे नळीबाहेर काढायचे. एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं हा उपाय १९९२ साली छापून प्रसिद्ध केला. एक पलंग, एक शिकलेला माणूस आणि दहा मिनिटं. मान दुखणाऱ्या बाईवर तो जपून करावा लागतो, पण यंत्र लागत नाही, महागडं औषध लागत नाही. विकायला काहीच नाही, म्हणूनच तो आमच्या चाळीपर्यंत पोचला नसेल, असं मला वाटतं. गोळी मात्र पोचली.

सगळ्यांची चक्कर एक नसते. ही गोष्ट डॉक्टरांच्या आधी आपल्या भाषेला ठाऊक आहे. बायका म्हणतात, "घेरी येते, घर फिरतं." म्हणतात, "उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते." म्हणतात, "पाय जमिनीवर ठरत नाही, झोकांडी जाते." फिरणं बहुधा कानाचं. अंधारी रक्तदाबाची किंवा अंगात रक्त कमी असल्याची. पाय न ठरणं मधुमेहानं निकामी झालेल्या नसांचं, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याचं, कधी नुसतं अधू नजरेचं. बाई तीन वेगळी दुखणी तीन वेगळ्या शब्दांत सांगते आणि केसपेपरवर एकच शब्द उतरतो. तिचं बोलणं अर्धं मिनिट ऐकलं तर निम्मं निदान तिथंच होईल. (बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय गळाला, एकाचे दोन दिसू लागले, छातीत दुखलं, तर मात्र शब्दांचा विचार करत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.)

अंधारीचंच घ्या. बाईला पाच मिनिटं झोपवून रक्तदाब मोजायचा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायचा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर कारण सापडलं. दवाखान्यात बसवून एकदाच मोजतात आणि वाढलेला दिसला की गोळी वाढवतात. ती गोळी बाई कशावर घेते, हे कोण विचारतं? सोमवार, चतुर्थी, एकादशी, साबुदाण्याच्या चार घासांवर. रात्री उठायला नको, संडास गॅलरीच्या टोकाला आणि दिवा बंद, म्हणून संध्याकाळी पाचनंतर पाण्याचा थेंब नाही. त्यात लघवीची गोळी चालू. पहाटे नळ येतो तेव्हा घरात सगळ्यात म्हातारी बाईच धडपडत उठते, कारण सुनेची ड्यूटी असते आणि मुलाची झोप असते. मग ती हंड्याजवळ कोसळली की म्हणायचं, वय झालं.

सरकारी हिशेबात तर ही बाई नाहीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपण हा आकडा भाषणांत किती वेळा वापरला! पण तो १५ ते ४९ वयाच्या बायकांचा आहे. २०१८ साली सुरू झालेल्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात लहान मुलं आहेत, किशोरवयीन आहेत, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आहेत, मूल होण्याच्या वयातल्या आहेत. त्या वयाबाहेर गेलेली नाही. पन्नासाव्या वर्षी तिच्या अंगात रक्त आपोआप भरतं की काय? २०२४ साली सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना आयुष्मान योजनेचं पाच लाखांचं संरक्षण मिळालं, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. म्हणजे खुबा मोडला तर पैसे आहेत. मोडू नये म्हणून बाह्यरुग्ण विभागात तपासून घ्यायला नाहीत.

आणि आपण चळवळीतल्या बायका? इंजेक्शनच्या गर्भनिरोधकाविरुद्ध आपण कोर्टात गेलो, गर्भलिंगनिदानाविरुद्ध रस्त्यावर आलो, १९८८ साली महाराष्ट्रात कायदा करायला लावला. त्याचा मला अभिमान आहे. पण सरकारनं बाईकडं गर्भाशय म्हणून पाहिलं आणि त्याच्याशी भांडता भांडता आपली नजरही तिथंच अडकली. जिची पाळी गेली ती आपल्या शिबिरांतूनही गेली. शिबिराला आली तर कुणाचं तरी मूल सांभाळायला.

पुरुषांना चक्कर येत नाही का, असं कुणी विचारील. येते. पण सासऱ्यांना एकदा भोवळ आली तेव्हा त्यांना खुर्ची दिली गेली, लिंबूपाणी आलं, संध्याकाळी मुलगा घेऊन मोठ्या डॉक्टरकडं गेला. सासूबाईंना येते हे कळायलाच आम्हाला वर्ष लागलं, कारण त्या लपवत होत्या. का लपवत होत्या हे मला आमच्या गटातल्या एका अडुसष्ट वर्षांच्या बाईनं शिकवलं. ती दोनदा पडली होती. कपाळावरचा काळा डाग पाहून मी विचारलं तर म्हणाली, "कपाट लागलं." महिन्यानं खरं बोलली. "ताई, मुलाला कळलं तर म्हणेल आता घरात बसा. भजनी मंडळ बंद, बाजार बंद. बँकेत मी जाते, पासबुक माझ्याकडं असतं. तेही जाईल."

हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चक्कर सांगितली की तपासणी होत नाही, बंदी होते. काळजीच्या नावाखाली उंबरठा पुन्हा उंच होतो. आयुष्यभर घराबाहेर पडायला भांडलेली बाई ती भांडणं दुसऱ्यांदा हरायला तयार नसते. म्हणून ती गप्प बसते आणि भिंत धरून चालते. आणि ज्या घरात तिला बसवायचं तिथंच ती पडते: ओल्या मोरीत, माळ्यावरचा डबा काढताना, उंबऱ्याला अडखळून. मोरीत एक लोखंडी कडी ठोकायला आणि दांडी दोन हात खाली घ्यायला किती खर्च येतो? ते कुणी करत नाही. "जपून राहा" म्हणायला पैसे पडत नाहीत.

आमच्या गटानं वर्गणी काढून रक्तदाबाचं यंत्र घेतलं. दर मंगळवारी झोपवून आणि उभं करून मोजतो, दोन्ही आकडे वहीत लिहितो. त्या अडुसष्ट वर्षांच्या बाईचा वरचा आकडा ३० नं उतरत होता. नुसतं तोंडी सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, वयोमानानुसार असतं. तीन मंगळवारचे आकडे वहीसकट टेबलावर ठेवले तेव्हा त्यांनी दोन गोळ्यांपैकी एक कमी केली. ती भजनाला जाते. पासबुक तिच्याकडंच आहे.

२०१०-११ पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यानुसार प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी वेगळा दवाखाना भरायला हवा. आमच्या भागातल्या केंद्रात आम्ही चौकशी केली. तिथल्या माणसानं बराच विचार केला आणि म्हणाला, "बोर्ड आहे. आतल्या खोलीत ठेवलाय." पुढच्या गुरुवारी आम्ही अकरा जणी तिथं जाणार आहोत. सर्वांत धाकटी एकोणसाठची आहे. तो प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, यंत्र मी घेऊन येते.