जुन्या मोटारीचे दार आणि पाठचिकित्सा

जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धाराचे वेड आपल्याकडे वाढते आहे, आणि ते वाढावे असेच आम्हांस वाटते. तथापि प्रदर्शनात मांडलेली एखादी फियाट ११०० किंवा प्रीमियर पद्मिनी पाहताना आमच्या मनात कौतुकाबरोबर एक शंकाही उभी राहते. दार आणि मडगार्ड यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत दोरी धरून आखल्यासारखी सरळ असते. कडेच्या पट्ट्यांत तोंड पाहून भांग पाडावा इतकी चकाकी असते. ही मोटार कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी अशी खासच नव्हती. त्या काळी दारे माणसे हाताने बसवीत, लाकडी ठोकळा, हातोडी आणि गुडघा यांच्या साहाय्याने, आणि एका गाडीची फट दुसरीसारखी क्वचितच असे. मग आपण जीर्णोद्धार करतो आहोत तो कशाचा?

मराठीत दार ‘लागते’ आणि दार ‘बसते’ यांत फरक आहे. कडी सरकली की दार लागले. पण चौकटीत ते आपल्या जागी, कोठेही न अडता विसावले म्हणजे बसले. सुतारांकडून आलेली ही भाषा गॅरेजातही तशीच चालते, आणि ती फार नेमकी आहे. आज बहुतेक ठिकाणी दार लावून दिले जाते, बसवून दिले जात नाही. उतरलेले दार लागेना की कारागीर खांबावरचा कुलपाचा खटका थोडा वर-खाली सरकवतो. दार बंद होऊ लागते, मालक खूश होतो. प्रत्यक्षात दर वेळी ते लोंबते दार त्या खटक्यावर चढून उचलले जात असते आणि काही महिन्यांत खटका झिजून मूळ दुखणे परत येते. खटक्याचे काम दार धरण्याचे आहे, उचलण्याचे नाही. म्हणून जाणता डेंटर आधी खटका काढूनच ठेवतो, आणि नुसत्या बिजागऱ्यांवर दार कोठे विसावते ते पाहतो.

दुखण्याचे मूळ शोधायला फार यंत्रे लागत नाहीत. दार अर्धे उघडावे, खालच्या कोपऱ्याशी धरून वर उचलून पाहावे. बिजागरीची पाने स्थिर राहून दार हलले तर पिन झिजली आहे. पिन आणि बुश बदलले की अर्धे काम झाले. पानासकट खांबाचा पत्राच हलत असेल तर मात्र प्रकरण गंभीर आहे. फियाट ११०० ची ही पिढी १९५३ मध्ये इटलीत आली तीच स्वतंत्र सांगाडा नसलेली, म्हणजे पत्र्याच्या पेटीनेच सगळा भार वाहणारी. अशा गाडीत दारांखालचा पोकळ पत्रा गंजून मऊ पडला की मधला भाग खचतो, दाराची चौकट वरच्या बाजूला आवळते आणि खाली फाकते. वर चिमूटभर आणि खाली बोटभर फट दिसली तर दार निर्दोष असते. दोष पायात असतो, आणि तेथे पत्रा जोडल्याशिवाय दाराला हात लावणे व्यर्थ होय. ज्या जुन्या ११०० मध्ये पुढची दारे उलटी उघडत, त्यांत तर पुढची-मागची दोन्ही दारे एकाच मधल्या खांबाला टांगलेली असत. तो खांब तळाशी कुजला की दोन्ही दारे रुसतात.

पाया भक्कम झाल्यावर गाडी जॅकवर न ठेवता तिच्या चाकांवर उभी करावी, दारात काच आणि ती वर-खाली करणारी यंत्रणा असू द्यावी (रिकामे दार हलके, म्हणून खोटे बोलते), रबराचे बीडिंग मात्र काढून ठेवावे. नेहमीच्या उघडणीच्या गाडीत आरंभ मागच्या दारापासून करावयाचा, कारण त्याच्या पाठीमागचा पत्रा जोडलेला असतो, हलत नाही. मागच्या दारावरून पुढचे, आणि पुढच्यावरून मडगार्ड. उलट क्रमाने गेल्यास सगळ्या चुका शेवटच्या फटीत येऊन साठतात.

आणि तेथेच पुट्टीचा मोह होतो. दाराच्या कडेवर पुट्टी चढवून, घासून, हवी तशी फट ‘काढता’ येते. दोन पावसाळ्यांत तिला तडा जातो, पाणी आत शिरते आणि खालचा पत्रा निमूटपणे गंजतो. लोहचुंबक फिरवून पाहिला तर जेथे तो धरत नाही तेथे मोटार संपलेली असते. आम्ही अशा पुट्टीला प्रक्षेप म्हणतो.

हा शब्द आम्ही गंमत म्हणून वापरलेला नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पुरी केली. १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक असलेल्या वि. स. सुखटणकरांनी जी शिस्त घालून दिली, तीत पाठ सुंदर करण्याची मुभा संपादकाला नव्हती. जेथे पाठ संशयित, तेथे त्याखाली नागमोडी रेषा छापली गेली. गाळलेला मजकूर फेकून न देता टीपांत आणि परिशिष्टांत ठेवला गेला. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेने २०१२-१३ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनद वाचताना आम्हांस हीच शिस्त आठवली: नव्याने घडवलेला भाग खूण करून ओळखता यावा, काढलेला महत्त्वाचा भाग गाडीबरोबर जपावा. सनदेचे गाव फियाटचेच, हा योगायोग सुखद आहे.

बाह्य सजावटीबाबत तर ही शिस्त अधिकच हवी. क्रोमचा थर मुळात अतिशय पातळ असतो. जी चकाकी आपण क्रोमची समजतो ती बरीचशी त्याखालच्या निकेलची. पट्टी पुन्हा मुलाम्याला दिली की आधी तिला घासतात, आणि घासताना तिच्या कडा, कोरलेली अक्षरे, बारीक उंचवटे बोथट होतात. ओतीव जस्तमिश्र धातूच्या मुठी-नावपट्ट्यांवर पुरळासारखे खड्डे पडतात, ते भरून काढणे हे कौशल्याचे व खर्चाचे काम आहे. म्हणून साबणपाणी, मऊ कापड आणि मेण यांनी जेवढे निभते तेवढ्यावर थांबावे, असे आमचे मत. पट्टी धरणाऱ्या क्लिपा मात्र बिनदिक्कत नव्या घ्याव्यात. मुंबईच्या खाऱ्या हवेत दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांतला एक दुसऱ्याला खातो. क्लिपेच्या भोकापाशीच गंज प्रथम का दिसतो, याचे एक कारण हेही आहे. तेथे रंग आणि रबराचा तुकडा हवा.

आमच्यावर आक्षेप येईल, आणि तो खरा आहे: गाडी रोज वापरणाऱ्याने पावसात भिजावे काय? मुळीच नाही. पाणी आत येऊ नये, दार वाटेत उघडू नये, खडखड होऊ नये, हे सर्व साधलेच पाहिजे. गंज म्हणजे इतिहास नव्हे, तो आजार आहे. पण फट खाली दीड मिलिमीटर अधिक आहे एवढ्यासाठी चांगला पत्रा कापणे हा उपचार म्हणता येत नाही.

मुंबईच्या टॅक्सीताफ्यातील शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. आता मोडीत निघालेल्या टॅक्सीचे दार काढून दुसरीला बसवण्याची सोयही आटत जाणार. तसे दार सहजी बसतही नसे. इतकी वर्षे एका चौकटीत राहिलेले दार त्या चौकटीचा बाक घेते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली, ती त्या मूळ स्वरूपात असाव्यात या अटीवर. सांगाडा, पेटी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. तपासणी करणाऱ्याने दारावर एक चुंबक फिरवून पाहावा एवढीच आमची सूचना आहे. आणि मालकाने जुनी पिन, जुनी क्लिप, कापून काढलेला पत्रा एका पिशवीत घालून, वर तारीख लिहून, डिकीत ठेवावा.