विक्रमवीर इंजिनाचा धडा

यंत्राची खरी परीक्षा चाचणीच्या रुळांवर होते, असा सर्वसाधारण समज आहे. रशियाच्या ‘टीईपी-८०’ या प्रवासी डिझेल इंजिनाची कहाणी हा समज खोडून काढते. ५ ऑक्टोबर १९९३ रोजी सेंट पीटर्सबर्ग-मॉस्को मार्गावर या इंजिनाने ताशी २७१ किलोमीटरचा वेग गाठला. ब्रिटनच्या डिझेल गाडीने १९८७ मध्ये नोंदविलेल्या २३८ किलोमीटरच्या तुलनेत ही झेप मोठीच होती. तरीही या मालिकेतील तिसरे इंजिन कधीच बांधले गेले नाही.

मॉस्कोजवळील कोलोम्ना येथील कारखान्याने १९८८ व १९८९ मध्ये याचे दोन नमुने तयार केले. चार हजार अश्वशक्तीच्या ‘टीईपी-७०’पेक्षा बलवान इंजिन रेल्वेला हवे होते. त्यापूर्वीचे सहा हजार अश्वशक्तीचे ‘टीईपी-७५’ही दोन नमुन्यांपुढे सरकले नव्हते, सहाच चाकजोड्यांमुळे त्याचा भार रुळांना जड होता. ‘टीईपी-८०’चे सुमारे १८० टन वजन आठ चाकजोड्यांवर विभागून अभियंत्यांनी त्यावर तोडगा काढला.

तांत्रिक पेच सुटला, आर्थिक पेच सुटला नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, वाहतूक घटली आणि नव्या इंजिनांसाठी रेल्वेकडे पैसा उरला नाही. शिवाय वेगवान गाड्यांचे प्रमुख मार्ग विजेवर गेलेले होते. ज्या मार्गावर विक्रम झाला, तेथेही विजेच्या तारा १९६०च्या दशकातच पोहोचल्या होत्या! त्यामुळे जुने ‘टीईपी-७०’च सुधारित रूपात धावत राहिले आणि ‘टीईपी-८०’चे दोन्ही नमुने संग्रहालयात गेले, एक नोवोसिबिर्स्कला, दुसरे सेंट पीटर्सबर्गला.

महाराष्ट्राने या इतिहासाकडे परका म्हणून पाहू नये. लातूरच्या कारखान्यात वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्यासाठी २०२३ मध्ये झालेल्या करारातील रशियन भागीदार ‘ट्रान्समॅशहोल्डिंग’ आहे आणि कोलोम्नाचा कारखानाही याच उद्योगसमूहाचा आहे. नमुना उत्तम असला, तरी कारखाना चालतो तो पक्की मागणी, वेळेवर मिळणारा निधी आणि वारंवार न बदलणारा आराखडा यांवर. मराठवाड्यातील रोजगाराच्या अपेक्षा याच तीन गोष्टींवर अवलंबून आहेत. पहिल्या गाडीच्या उद्घाटनाचा गाजावाजा होईलच. हिशेब ठेवायला हवा तो त्यानंतरच्या गाड्यांचा.