आधी पडदा लावा, मग स्पीकर निवडा

महागड्या स्पीकरची तुलना करायला जमलेल्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते : "मोजमापं राहू द्या, शेवटी कान सांगेल ते खरं." वाक्य मला मान्य आहे. आलेख पाहून कुणी गाणे ऐकत नाही. पण या वाक्याच्या आडोशाने जी तुलना चालते ती मला मुळीच मान्य नाही. तीन लाखांची जोडी आणि बारा लाखांची जोडी शेजारी शेजारी उभी असते. किंमत ठाऊक, कंपनी ठाऊक, लाकडाची झिलई नजरेत भरलेली, आणि काय ऐकायचे ते सांगायला विक्रेता किंवा यजमान बाजूलाच बसलेला. अशा खोलीतला निवाडा डोळ्यांचा, पैशांचा आणि भिडेचा असतो. कानाला तिथे साक्षीला बोलावलेलेच नसते.

प्रत्यक्षाची महती सांगणाऱ्यांनी न्यायदर्शनाकडे पाहावे. प्रत्यक्ष प्रमाणाची व्याख्या करताना गौतमाने इंद्रिय आणि विषय यांचा संबंध तेवढा पुरेसा मानला नाही. ते ज्ञान नावावर विसंबलेले नसावे, फसवे नसावे, अशाही अटी घातल्या. स्पीकरवरचा बिल्ला दिसत असताना नावाची अट मोडते, आणि ती मोडली की भ्रमाला दार उघडे होते.

हे प्रयोगानेही तपासून झालेले आहे. फ्लॉइड टूल हे ओटावातल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये अनेक वर्षे स्पीकरवर संशोधन करत होते. १९९१ मध्ये ते अमेरिकेत हार्मन कंपनीत गेले. तिथे त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी केलेला एक प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपनीतल्याच ४० जणांना चार स्पीकर ऐकवले, एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा आवाज आरपार जाऊ देणाऱ्या पडद्याआड. त्यांत एक छोटा, स्वस्त संच होता. तो डोळ्यांना दिसताच त्याचे गुण घसरले, आणि मोठ्या देखण्या पेट्यांचे वधारले. अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत. पण याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. स्पीकरची जागा बदलली किंवा वाजवलेले संगीत बदलले की आवाजात खरोखर फरक पडतो. पडद्याआडून ऐकणाऱ्यांच्या गुणांत तो फरक उमटला. पाहून ऐकणाऱ्यांचे गुण फारसे हललेच नाहीत. डोळ्यांनी चुकीचे मत तर दिलेच, वर कानाला येणारा खरा अनुभवही दाबून टाकला.

"आवड ज्याची त्याची, त्यात बरोबर-चूक कसलं?" हा पुढचा आक्षेप. तो ऐकायला उदार वाटतो, म्हणून कुणी तपासत नाही. टूल यांचे १९८६ चे निष्कर्ष याच्या विरुद्ध आहेत. नाव लपवले आणि पातळी समान ठेवली, की चांगली श्रवणशक्ती असलेल्या श्रोत्यांची मते एकमेकांशी नवल वाटावे इतकी जुळतात. ज्यांचे ऐकणे उणावलेले होते, त्यांची मते मात्र विखुरलेली निघाली. आणि सर्वांना आवडलेल्या स्पीकरांची मोजमापेही एकमेकांसारखी होती : समोरचा प्रतिसाद सपाट आणि बाजूंना जाणारा आवाजही सलग, खाचखळग्यांवाचून. आज स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर, अशी एकूण ७० मोजमापे घेतात ती यासाठीच. घरात आपण समोरून आलेला आवाज ऐकतो तसा भिंतींवरून, छतावरून परतलेलाही ऐकतो. समोर नितळ आणि बाजूला बेढब असा स्पीकर घरी आला की उघडा पडतो.

आता आपल्याकडच्या रसिकांचा खास युक्तिवाद. ही मोजमापे पाश्चात्त्य संगीताला ठीक. आपल्या गाण्याला म्हणे 'ऊब' लागते, 'रंग' लागतो. मला हा युक्तिवाद सर्वांत घातक वाटतो, कारण तो आपल्या संगीतावरच्या प्रेमातून येतो आणि त्या संगीताचेच नुकसान करतो. तंबोरा घ्या. काळी एकच्या पट्टीत षड्जाची तार सुमारे १३९ हर्ट्झला बोलते, खर्जाची ६९ ला. पण तंबोऱ्याचे तेज या मूळ कंपनांत फार थोडे असते. घोडीचा किंचित वक्र माथा आणि तारेखाली सरकवलेला दोरा यांच्यामुळे वरच्या स्वरांची जी मालिका फुलते, काही हजार हर्ट्झपर्यंत, तिच्यात ते असते. सी. व्ही. रामन यांनाही या घोडीने कोड्यात पाडले होते. १९२१ मध्ये त्यांनी त्यावर लिहिले. मिरजेचा कारागीर जवारी काढताना घोडी हलक्या हाताने घासत, पुन्हा पुन्हा तार छेडून पाहत या वरच्या स्वरांचा तोल साधतो. गायक तो तोल आपल्या गळ्याशी जुळवून घेतो. आणि हे सारे ज्यात जपले आहे ते ध्वनिमुद्रण आपण तीन हजार हर्ट्झपाशी स्वतःचा उंचवटा जोडणाऱ्या स्पीकरवर वाजवतो! मग त्या कारागिराची जवारी पुसली जाते आणि पेटीची जवारी ऐकू येऊ लागते, प्रत्येक तंबोऱ्यावर तीच. 'ऊब' म्हणून जिचे कौतुक होते ती पुष्कळदा शंभर-दोनशे हर्ट्झच्या आसपासची सूज असते. तिच्यामुळे थिरकवाँसाहेबांचा डग्गा आणि अल्लारखाँचा डग्गा एकाच घुमाऱ्यात बुडतात. वाद्याला स्वतःचा आवाज असलाच पाहिजे. स्पीकरला तो असता कामा नये. आपले संगीत नादाच्या इतक्या बारीक भेदांवर उभे आहे, म्हणून निर्लेप स्पीकरची गरज आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे.

पातळीचा मुद्दा सोपा आहे, तरी तो रोज डावलला जातो. एका स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल, दुसऱ्याची ९०. ॲम्प्लिफायरचे बटण न हलवता एकावरून दुसऱ्यावर गेलात की दुसरा चार डेसिबलने मोठा वाजतो. ऐकणारा त्याला मोठा म्हणत नाही; 'मोकळा', 'भरदार', 'जिवंत' म्हणतो. पातळी वाढली की कानाला खर्ज तुलनेने अधिक ऐकू येऊ लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले. एका डेसिबलचा फरकदेखील निकाल फिरवू शकतो.

"महिनाभर घरी ऐकल्याशिवाय स्पीकर कळत नाही" या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. कान शिणतो का, खोलीत खर्ज कसा बसतो, हे घरीच कळते. पण आज हा आणि पुढच्या महिन्यात तो, अशी तुलना मात्र होऊ शकत नाही. नादाचे बारकावे स्मरणात काही सेकंद टिकतात, आणि कान तर कशालाही सरावतो. "दोनशे तास वाजू द्या, मग खुलेल" हा सल्लाही याच सरावावर जगतो. कोनाचे सस्पेन्शन थोडे मऊ होते, पण त्याचा बहुतेक भाग सुरुवातीलाच उरकतो. पुढच्या तासांत परतीची मुदत तेवढी संपते.

तुलना एकेकट्या स्पीकरची करावी, जोडीची नव्हे, हेही अनेकांना पटत नाही. रंगमंच कुठे, गायक मध्यभागी कुठे, असे विचारतात. पण टूल यांना एकाच स्पीकरवर श्रोत्यांची पारख अधिक तीक्ष्ण आढळली. दोन स्पीकरांनी उभा केलेला पसारा दोष झाकतो. शिवाय आपल्या संग्रहातला केवढा तरी ठेवा एकाच वाहिनीचा आहे. अब्दुल करीम खाँ आणि केसरबाई केरकर यांच्या ध्वनिमुद्रिकांत रंगमंच नाही, फक्त आवाज आहे.

आता खोली. ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून श्रोत्यांची पसंती आधीच सांगणारे गणित मांडले, आणि ते प्रत्यक्ष मतांशी ०.८६ इतक्या सहसंबंधाने जुळले. त्यात खर्जाचा वाटा सुमारे ३० टक्के निघतो. पण सुमारे दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली घरात सत्ता चालते ती खोलीची. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली, छत साडेनऊ फुटांवर. बारा फुटी लांबी ४७ हर्ट्झला घुमते, दहा फुटी रुंदी ५६ ला आणि उंची ५९ ला. शेवटचे दोन घुमारे जवळजवळ एकावर एक बसतात. अशा खोलीत स्पीकर दोन फूट सरकवल्याने, बसायची जागा मागच्या भिंतीपासून पुढे घेतल्याने खर्जात जेवढा फरक पडतो, तेवढा नऊ लाख जास्त मोजूनही पडत नाही. उरलेला उंचवटा इक्वलायझरने उतरवता येतो, आणि त्यात शुद्धतेला बाधा येते असे मानायला आधार नाही. तुळतुळीत टाइल्स, काचेच्या खिडक्या आणि उघड्या भिंतींपुढे जाड गालिचा, भरलेली पुस्तकांची कपाटे आणि गादी ठेवली की मधल्या आणि वरच्या स्वरांचा गोंगाट आवरतो.

याच कारणाने, ऑलिव्ह यांच्या गणितातला एक गुणांक घेऊन स्पीकरांची क्रमवारी लावणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. तो आकडा चांगली चाळणी आहे. हा स्पीकर तुमच्या अठरा फुटी हॉलमध्ये मैफलीच्या पातळीला किती स्वच्छ राहील, ते त्यातून कळत नाही.

म्हणून मागणी एवढीच आहे. मोजमापे पाहून तीन-चार स्पीकर निवडा. बसायच्या जागी पातळीमापक ठेवून, ५०० ते २,००० हर्ट्झच्या पिंक नॉइजवर सर्वांची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत आणा; मोबाइलवरचा मापकही यासाठी चालतो, कारण हवी आहे ती फक्त तुलना. मध्ये झिरझिरीत कापड टांगा. स्पीकर बदलणाऱ्याने बोलू नये. जागांची अदलाबदल करून सगळे पुन्हा ऐका आणि गुण प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहा, चर्चा नंतर. मुंबई-पुण्यातल्या ज्या दुकानांत दहा-पंधरा लाखांची जोडी विकली जाते, तिथे पडदा, मापक आणि स्विच बॉक्स ही सोय असायलाच हवी. नसेल तर ती मागावी, आणि नाकारली गेली तर अनामत भरून दोन स्पीकर घरी आणून ऐकण्याची मुभा मागावी.