गुडघा भोरचा, उपचारक पुण्याचा

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया पुण्यात होते, काही दिवसांत रुग्ण भोरला घरी परततो आणि खरे काम तेथून पुढे सुरू होते. पहिले काही आठवडे गुडघा वाकवण्याचा व मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम नियमित झाला नाही, तर सांधा आखडतो. लाखोंचा खर्च करूनही जिना चढणे अवघडच राहते. भोर ते पुणे हे अंतर पन्नास किलोमीटरहून अधिक आहे. अर्ध्या तासाच्या उपचारासाठी घरातील एक कर्ता माणूस दुकान सोडून गाडी काढतो आणि दिवस मोडतो. आठवड्यातून तीनदा हे किती घरांना पेलते? पहिले दोन आठवडे फेऱ्या होतात, पुढे गळू लागतात. वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या, आतल्या गावांतून तर पावसाळ्यात नसरापूरपर्यंत येणे हाच एक प्रवास असतो.

अशा वेळी मोबाइलवरील दृश्यसंवादाने फिजिओथेरपी घेण्याचा पर्याय गांभीर्याने पाहण्यासारखा आहे. कॅनडातील क्विबेक प्रांतात गुडघेबदलाच्या २०५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी दूरस्थ पद्धतीने व्यायाम केलेल्यांची प्रगती समक्ष उपचार घेतलेल्यांपेक्षा कमी ठरली नाही. त्याच अभ्यासाच्या खर्चाच्या हिशेबात रुग्णाचे घर केंद्रापासून तीस किलोमीटरहून दूर असेल, तर उपचारकाने घरी येण्यापेक्षा दूरस्थ पद्धत स्वस्त पडली. क्विबेकचा हिशेब भोरला जसाच्या तसा लागू होणार नाही, पण अंतराचा मुद्दा व्यापारी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

तथापि पहिली तपासणी समक्षच व्हावी. सांध्याची सैलता, सूज, स्नायूंची ताकद हाताने पाहावी लागते, कॅमेऱ्याला ती कळत नाही. पक्षाघातानंतर ज्यांचा तोल जातो, ज्यांना उभे करायलाच दोन माणसे लागतात, त्यांच्यासाठी पडद्यावरचा उपचारक पुरेसा नाही. शस्त्रक्रियेनंतर पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, छातीत दुखले, धाप लागली, ताप येऊन जखम लाल झाली, किंवा कंबरदुखीत लघवीवरचा ताबा गेला, तर फोनवर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. प्रथम मदतीसाठी भोरचे उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय जवळ आहे.

आता घरातील तयारी. यातच बहुतेकांची गफलत होते. फोन हातात धरून सून उभी राहते, चित्र हलते आणि उपचारकाला फक्त चेहरा दिसतो. गुडघ्याचे व्यायाम बाजूने पाहायचे असतात. फोन रुग्णाच्या कमरेच्या उंचीवर, दोन-अडीच मीटर दूर, स्टुलावर डबा ठेवून त्याला टेकवून उभा करावा, म्हणजे डोक्यापासून टाचेपर्यंत माणूस दिसतो. पाठीमागे उघडी खिडकी नसावी, उजेड समोरून यावा. खुर्ची लाकडी, जड, हात असलेली आणि भिंतीला टेकवलेली हवी, प्लॅस्टिकची नको. जुन्या वाड्यांत उंबरे उंच असतात आणि फरशी गुळगुळीत, म्हणून जागा आधीच पाहून ठेवावी. पायमोजे घालून उभ्याचे व्यायाम करू नयेत. जवळ एक धडधाकट माणूस असावाच.

लुगड्यात किंवा साडीत गुडघा दिसत नाही, म्हणून स्त्री-रुग्णांनी सैल सलवार घालावी. खोलीत कोण बसणार हे रुग्णाने ठरवावे. संवादाचे चित्रण करायचे असेल, तर दोन्ही बाजूंनी आधी विचारावे. उपचारकाने वजन बांधायला सांगितले, तर किराणा दुकानात अर्ध्या किलोच्या मिठाच्या पुड्या आहेतच, मात्र आपल्या मनाने वजन वाढवू नये. उपवास, आयंबिल किंवा एकासणे चालू असेल, तर ते आधी सांगावे. मधुमेही रुग्णाने तर हे लपवूच नये. ज्येष्ठांचा नेहमीचा प्रश्न असतो की सामायिकाला पूर्वीसारखे मांडी घालून बसता येईल का. उत्तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्यावे. तोवर खुर्चीवर बसण्यात कमीपणा नाही.

भोर शहरात संपर्क बहुधा ठीक असतो. हिरडोशी खोऱ्यात किंवा तोरणा-राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यांत चित्र अडकते, पावसात वीज जाते. तेथे थेट संवादाचा हट्ट धरू नये. व्यायामाचे मिनिटभराचे चित्रण करून ठेवावे, संपर्क मिळेल तेथून पाठवावे आणि उत्तर साध्या फोनवर ऐकावे. सोबत छापील चित्रांचा कागद हवा. एक वहीही ठेवावी, दुकानाच्या रोजमेळासारखी. कोणता व्यायाम किती वेळा केला, दुखणे दहापैकी किती, दुसऱ्या सकाळी सूज होती का, आणि आठवड्यातून एकदा उपचारकासमोर तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता आले, हे त्यात लिहावे. ‘बरे वाटते’ या शब्दांपेक्षा हे आकडे उपचारकाला अधिक सांगतात.

सरकारची ई-संजीवनी सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, आणि घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला १३ एप्रिल २०२० पासून मिळू लागला. ती विनामूल्य आहे, पण तेथे मिळतो तो डॉक्टरांचा सल्ला, आठवडेच्या आठवडे व्यायाम करवून घेणे नव्हे. २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वेही नोंदणीकृत डॉक्टरांपुरतीच आहेत. त्यामुळे फिजिओथेरपिस्ट निवडताना राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. खरा व्यावसायिक तो सांगायला कचरत नाही.

पैशांचे व्यवहारही चोख असावेत. एकदम वीस सत्रांचे पैसे भरल्यास सवलत मिळते म्हणून भुलू नये, चार-पाच सत्रांचे भरून पाहावे. परतावा देतो म्हणून कोणी यूपीआयचा पिन टाकायला सांगितले, तर ती फसवणूक समजावी, कारण पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पावतीवर रुग्णाचे नाव, तारीख व नोंदणी क्रमांक असावा. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या वैद्यकीय खर्चाला जुन्या करप्रणालीत ५०,००० रुपयांपर्यंत वजावट ठेवलेली आहे. मात्र रोखीने दिलेला खर्च तीत धरला जात नाही. पावत्या कर सल्लागाराकडे वर्षअखेरीस शोधत बसण्यापेक्षा त्या वहीतच लावून ठेवाव्यात.