मॅग्नेशियम बॅटरी : विज्ञान अवघड आहेच, पण शिष्यवृत्तीचे काय?

मोबाइल, टॉर्च, फवारणीचा पंप, दारातली ई-बाईक. खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजात बॅटरीशिवाय आता घर चालत नाही. मोबाइल आणि ई-बाईकमध्ये लिथियम असते, आणि त्याच्या सेलसाठी आपला देश मुख्यतः चीनवर अवलंबून आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासीत ५९ लाख टन लिथियमचा अंदाज जाहीर झाला; पण अंदाज म्हणजे हातात आलेला माल नव्हे.

म्हणून शास्त्रज्ञांची नजर मॅग्नेशियमकडे वळली आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यातच ते सव्वा ग्रॅमच्या आसपास असते. लिथियमचा आयन एक विद्युतभार नेतो, मॅग्नेशियमचा दोन. मग घोडे अडले कुठे? कॅथोडवर, म्हणजे बॅटरीच्या धन टोकावर. दुहेरी भारामुळे हा आयन कॅथोडच्या पदार्थाला चिकटून बसतो, लवकर सरकत नाही. २००० साली मॉलिब्डेनम-सल्फाइडच्या कॅथोडवर पहिला टिकाऊ नमुना चालला, पण त्याचा दाब जेमतेम सव्वा व्होल्टच्या आत. लिथियम सेल साडेतीन व्होल्टच्या पुढे देतो. आता व्हॅनेडियम आणि मँगनीजच्या ऑक्साइडवर काम सुरू आहे. कार्बनच्या कापडावर असा थर चढवून जेलसारखे इलेक्ट्रोलाइट वापरले, की बॅटरी वाकवता येते. अंगावर लावायच्या आरोग्य-उपकरणांना तीच हवी आहे.

हे काम एका रात्रीत होत नाही. एकेका पदार्थामागे पीएच.डी.ची चार-पाच वर्षे जातात. इथेच आपल्या समाजाचा प्रश्न येतो. अल्पसंख्याक संशोधकांना आधार देणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. इतर योजनांशी ती सारखी आहे, असे कारण दिले गेले. पण इतर योजनांत जागा मोजक्या, स्पर्धा मोठी. एम.एस्सी. झालेल्या मुलाला घर म्हणते, 'आता कमवायला लाग,' आणि त्यात घरच्यांची चूक नाही.

राज्यात ऑगस्ट २०२४ मध्ये अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' संस्थेला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. सारथी, बार्टी, महाज्योतीप्रमाणे तिथूनही वेळेवर फेलोशिप मिळावी, ही मागणी आमदार-खासदारांपुढे लावून धरली पाहिजे. तोवर पालकांनी दहावी-बारावीतच मुलामुलींना रसायन आणि भौतिकशास्त्राची गोडी लावावी, नेट-जेआरएफची माहिती घ्यावी. इल्मची वाट लांब असते. त्या वाटेवरच्या मुलाचा घरखर्च कुणीतरी उचलावा लागतो.