यंत्राची उष्णता आणि व्यापाऱ्याचे व्रत

आपल्या पेढ्यांवरील लाल बासनातल्या वह्यांची जागा आता बव्हंशी लॅपटॉपने घेतली आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि व्यापारी धान्याचा असो की कापडाचा, त्याला संगणकाचा आश्रय करावाच लागला. दिवाळीच्या वहीपूजनात कित्येक घरी त्याच्यापुढेही कुंकू-अक्षता वाहिल्या जातात. ज्या वस्तूला आपण असा मान देतो आणि जिचा आपल्यापैकी काही बंधू व्यापारही करतात, तिच्या उष्णतेविषयी मात्र आपण पुरेसे जागरूक नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

संगणक चालला की तापतो; हा त्याचा दोष नव्हे, स्वभाव होय. जाळीतून हवा ओढून ही उष्णता बाहेर टाकण्याचे काम आतील पंखा करतो. भोवतालची हवा ३५ अंशांपर्यंतच असावी, असे अनेक निर्माते आपल्या पत्रकात सांगतात; बालाघाटचा मे महिना ४० अंशांची मर्यादाही ओलांडतो. त्यात आपण यंत्र गादीवर ठेवतो, तेव्हा जाळी बुजते. राइस मिलच्या कचेरीत कोंड्याची धूळ आत साचते. बैठे मेज आणि वेळोवेळी केलेली सफाई एवढ्यानेही पुष्कळ काम भागते.

परंतु यंत्र तापून बंद पडले तर हिशेब थांबतो. चार्जर वा बॅटरी पेटली तर दुकान जळते. चार्जरमध्ये घरातील २३० व्होल्टची वीज आणि यंत्राला लागणारी सुमारे २० व्होल्टची वीज यांच्यामध्ये भक्कम आड असावी लागते. नकली माल स्वस्त होतो तो बहुधा याच आडेत काटकसर करून. मुले हौसेने संगणकात बसवितात त्या ग्राफिक्स कार्डाचेही तसेच. पाटावरील खाचेतून त्याला फार तर ७५ वॅट वीज मिळते. अधिक भूक असलेल्या कार्डाला वेगळी तार लागते, आणि ती हलकी निघाली तर प्रथम तीच वितळते.

चूक नामांकितांचीही होते. २००६ साली सोनीच्या विद्युत्घटांतील दोषामुळे डेल कंपनीला सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. पण मालाला नाव होते, म्हणून तो परत मागविता आला. निनावी माल कोणी मागवावा?

केंद्र शासनाने २०१२ च्या आदेशाने लॅपटॉप, टॅबलेट आणि चार्जर यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची केली; पुढे बॅटऱ्याही त्यात आल्या, आणि २०२१ मध्ये तो आदेश नव्याने काढण्यात आला. अशा मालावर मानक चिन्हाखाली ‘आर’ अक्षर व आठ अंकी क्रमांक असतो, ‘बी. आय. एस. केअर’ या अ‍ॅपवर तो घटकेत पडताळता येतो. भारतीय मानक ब्यूरो अधिनियम, २०१६ चा निर्बंध केवळ कारखानदाराला नाही. असा माल चिन्हावाचून विकणे, साठविणे, विक्रीस मांडणे हेही त्यात येते. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार निर्माता कोण हे कळत नसेल, तर सदोष मालाने झालेल्या हानीचा भार विक्रेत्यावर येऊ शकतो.

कायद्याचे भय हे मात्र आमच्या दृष्टीने दुय्यम कारण होय. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापांच्या बरोबरीने प्रतिरूपक-व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नकली देणे, आणि विरुद्ध-राज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, हेही येतात. बिनशिक्क्याचे वजन पारड्यात टाकण्यास जो हात कचरतो, त्याने बिनछापाचा चार्जर कसा पुढे करावा? प्रमादातून घडलेली हिंसा ही हिंसाच होय, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

ग्राहकच स्वस्त माल मागतो, अशी तक्रार केली जाते. ती खरीही आहे. बाजूचा दुकानदार तो विकत असता आपण नकार देणे म्हणजे गिऱ्हाईक गमावणे. म्हणूनच हा एकट्याचा नव्हे, संघाचा विषय आहे. १९५६ च्या कायद्याने शेर-मण जाऊन किलोग्रॅम आला तेव्हा सर्वांनी मापे बदलली, म्हणून कोणा एकाचे नुकसान झाले नाही.

आमची नम्र सूचना अशी: सभासदांनी बिलाशिवाय माल घेऊ नये, नोंदणी क्रमांक पडताळल्याविना चार्जर वा बॅटरी विकू नये, बिलावर निर्मात्याचे नाव लिहावे, फुगलेली बॅटरी दुरुस्त करून पुन्हा विकू नये. येत्या वार्षिक सभेत असा ठराव व्हावा. काही रुपयांचा नफा सुटेल. पण ज्या घरी आपला माल जाईल, त्या घरची माणसे रात्री निश्चिंत झोपतील. पेढीची पत याहून वेगळी ती काय असते?