साहेबाचा खेळ, जपानचे स्वत्व

परदेशी कार्टूनमुळे आपली मुले बिघडतात, ही तक्रार संस्कारप्रेमी घरांतून नित्य ऐकू येते. तक्रार अनाठायी नाही. पण ती अर्धवट आहे. जपानी मुलेही साहेबाचा खेळ खेळणाऱ्या नायकांच्या मालिका पाहतात आणि तरीही जपानीच राहतात. असे का घडते, याचा विचार आपण कधी करणार?

गोल्फचेच उदाहरण घ्या. ‘रायझिंग इम्पॅक्ट’ ही जपानी ॲनिमेशन मालिका २०२४ साली नेटफ्लिक्सवर आली. नाकाबा सुझुकी यांच्या चित्रकथेवर ती बेतलेली आहे. फुकुशिमाच्या डोंगरात आजोबांजवळ वाढणारा गावेन हा तिचा बालनायक. बेसबॉलचा चेंडू सर्वांत दूर टोलवावा, हे त्याचे स्वप्न. गोल्फचा चेंडू त्याहूनही दूर जातो, असे एक महिला गोल्फपटू त्याला सांगते आणि पोराच्या आयुष्याची दिशाच पालटते. पात्रांची नावे इंग्रजांच्या राजा आर्थरच्या दंतकथांतून उचललेली. परंतु डोंगर, आजोबा आणि जिद्द अस्सल जपानी. १९८५ साली सुरू झालेल्या ‘प्रो गोल्फर सारू’ या मालिकेचा नायक तर स्वहस्ते कोरलेल्या लाकडी दांड्याने श्रीमंतांचा हा खेळ खेळतो.

वस्तुतः गोल्फ आपल्याकडे जपानच्या कितीतरी आधी आला. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा. जपानमधील पहिला, कोबे येथील क्लब १९०३ चा, तोही आर्थर ग्रूम या इंग्रज व्यापाऱ्याच्या पुढाकाराने निघालेला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या या आघाडीचे आपण काय केले? साहेब गेला, क्लबाचे कुंपण मात्र बव्हंशी तसेच राहिले. दिल्लीत इतरांच्या पिशव्या वाहणारा कॅडी अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकतो, ही काय सामान्य कथा आहे? किती मराठी मुलांना ती ठाऊक आहे?

एप्रिल २०२१ मध्ये हिदेकी मात्सुयामा हा अमेरिकेतील ऑगस्टाची मास्टर्स स्पर्धा जिंकणारा पहिला जपानी ठरला. त्या वेळी त्याच्या कॅडीने टोपी काढून मैदानाला वाकून नमस्कार केला. आखाड्याची लाल माती कपाळी लावणाऱ्या आपल्या मल्लाला ही भाषा परकी वाटेल काय? परक्या खेळात स्वतःची श्रद्धा ओतणे यालाच स्वत्व म्हणतात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली; कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाची दोन्ही अजिंक्यपदे भारताने पटकावली. पराक्रम आहेत, ते बालमनापर्यंत पोहोचविणारे कथाकार, चित्रकार आणि त्यांच्यामागे उभे राहणारे धनिक कोठे आहेत? सत्कारासाठी हार आणि शाली सहज मिळतात. मुलांच्या मालिकेसाठी मात्र कोणाची थैली सुटत नाही.

दूरचित्रवाणी संच बंद करणे सोपे आहे. परंतु रिकाम्या पडद्यावर संस्कार उमटत नाहीत. पालकांनी मुलांशेजारी बसून या मालिका अवश्य पाहाव्यात, त्यांतले चांगले दाखवून द्यावे आणि मग आपल्या लेखकांकडे, निर्मात्यांकडे, उद्योजकांकडे ठामपणे मागणी करावी : आमच्या मुलांना आमच्या मैदानांची गोष्ट द्या. ती मिळेपर्यंत परक्या गोष्टींना दूषणे देण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.